बाबांच्या अक्षरातला खटका

आईने शिवणयंत्राचा प्लग लावला की मागच्या खोलीतलं सॉकेट तडतडू लागे. त्याचं एक भोक काळं पडून आत वितळलं होतं. वायरमन तीन आठवडे रोज ‘उद्या’ येत होता. शेवटी ते बदलायचं काम धाकट्याने अंगावर घेतलं. तो ग्रंथालयात पुस्तकांवर क्रमांक घाली. विजेच्या कामाचा त्याचा अनुभव म्हणजे बटण दाबणे, तेही आईने सांगितल्यावर.

मेन बोर्ड वडिलांच्या अखत्यारीत होता. कचेरीतून मुख्य लिपिक म्हणून निवृत्त होताना त्यांनी खुर्ची तिथे सोडली आणि शिस्त घरी आणली. बोर्डावरच्या प्रत्येक खटक्याखाली त्यांच्या टपोऱ्या अक्षरातली चिठ्ठी होती. ‘मागची खोली’ असं लिहिलेला खटका त्यांनी समारंभपूर्वक खाली ओढला.

“झालं. आता बिनधास्त हात घाल,” म्हणून ते बातम्या बघायला बसले.

धाकट्याने टेस्टर आधी स्वयंपाकघरातल्या चालू सॉकेटमध्ये घालून पाहिला. पेटला, म्हणजे तो ठीक होता. मग मागच्या खोलीत घातला. तिथेही त्याच्या पोटातला इवला दिवा तांबूस उजळला, उदास संध्याकाळी लांबच्या खिडकीत दिसावा तसा.

“बाबा, इथे अजून वीज आहे.”

“नसणार.”

“टेस्टर पेटतोय.”

“खटक्याखाली काय लिहिलंय?”

“मागची खोली.”

“मग?”

आई दारात आली. “अरे, त्यांनी स्वतः लिहिलंय. त्यांचं लिहिलेलं कचेरीतसुद्धा कधी कुणी खोडलं नाही.”

“भावजी, टेस्टरला बिचाऱ्याला वाचता येत नसेल,” वहिनी हसली. “पण बाबा, न्हाणीघरातला दिवा मात्र गेलाय हं.”

“बल्ब उडाला असेल,” वडील म्हणाले.

थोरल्याच्या लग्नात खोल्यांची उलथापालथ झाली, भिंत पाडून नव्या वायरी ओढल्या, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण चिठ्ठ्या जुन्याच राहिल्या. बदलायच्या तर त्या चुकल्या असं आधी म्हणावं लागलं असतं, आणि तो शब्द त्या घरात कुणी वडिलांच्या बाबतीत उच्चारला नव्हता.

धाकट्याने स्क्रूड्रायव्हर स्क्रूवर टेकवला. आजवर वडिलांनी म्हटलं ते त्याने मान खाली घालून केलं होतं: कॉलेजातली शाखा, नोकरी, चष्म्याची फ्रेमसुद्धा. आता मात्र मान डोलावली तर तीच मान उद्या चौघांना उचलावी लागेल, हे त्याला स्वच्छ दिसलं. एकीकडे बाबांचा शब्द होता, दुसरीकडे त्याचा जीव. आणि जीव एकच होता.

तो उठला, बोर्डापाशी गेला आणि त्याने मेन खाली ओढला.

बातम्या देणारी बाई अर्ध्या वाक्यात विझली. फ्रीजने उसासा टाकला. भर दुपारी घर असं गप्प झालं, जणू कुणीतरी वडिलांना उलट उत्तर दिलं होतं.

“हे कुणी केलं?”

“मी.”

इतका लहान शब्द बोलायला त्याला सव्वीस वर्षं लागली होती.

त्याने पुन्हा टेस्टर घातला. आता अंधार होता. त्याने सॉकेट सोडवलं, कोणती वायर कुठे आहे त्याचा फोटो काढला, मगच तिन्ही वायरी नव्या सॉकेटमध्ये त्याच जागी बसवल्या, हिरवी अर्थिंगला. स्क्रू घट्ट आवळून प्रत्येक वायर ओढून पाहिली. झाकण बसवून मेन वर केला. आईने यंत्र लावलं, तेव्हा सुईशिवाय कशाचाच आवाज आला नाही.

संध्याकाळी थोरल्याचा फोन आला. वडील मोठ्याने सांगत होते, “अरे, नवशिक्या तो! मीच म्हटलं, उगाच जोखीम नको, सरळ मेन बंद कर.”

वहिनीने धाकट्याकडे पाहून भुवया उडवल्या. त्याने मान हलवली, राहू द्या. ते वाक्य ऐकायला आपण इथे बसलो आहोत, याचंच त्याला इतकं अप्रूप वाटत होतं की श्रेयाची वाटणी करायला त्याला सवडच नव्हती.