नववी पायरी

वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेल्या गृहस्थांना सगळी गल्ली मापकाका म्हणत असे. हयातभर त्यांनी दुकानदारांच्या तराजूखाली चिकटवलेली लोहचुंबकं शोधून काढली. पण स्वतःचं घर विकायला काढलं तेव्हा त्याच्या पारड्यात एक मढं ठाण मांडून बसलंय, हे त्यांना सहावं गिऱ्हाईक परत गेल्यावर कळलं.

मढं खोटं होतं. त्यांच्या घरात पाच वर्षं एका मालिकेचं चित्रीकरण चाललं होतं आणि त्यात थोरली जाऊ धाकटीला जिन्यावरून ढकलून मारते. करारात लेखक-दिग्दर्शकानं लिहून दिलं होतं, ‘जिन्यावर फक्त कौटुंबिक प्रसंग.’ काकांनी जाब विचारला, तर म्हणाला, “जावेनं जावेला ढकललं काका. याहून कौटुंबिक काय असतं?”

पडणाऱ्या धाकटीखाली जी गादी होती, तिचं एक टोक स्वतः मापकाकांनी धरलं होतं. धाकटी उठली, केस झटकले आणि “काकू, चहा आहे का हो?” म्हणाली. हे काका प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत. गिऱ्हाईक समजूतदारपणे मान डोलवी, पायऱ्या मोजत चढे आणि नववीपाशी थबके.

“इथंच ना?”

मग त्याला अचानक दुसरीकडे कुठंतरी जायचं असे.

मालिका संपून तीन वर्षं झाली. काकूंच्या गुडघ्यांनी राजीनामा दिलेला. स्वयंपाकघर खाली, झोपायची खोली वर. काकू एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढत आणि दमल्या की नववीवर बसत. लेकीनं तिच्या शेजारची तळमजल्यावरची जागा हेरून ठेवली होती, पण घर विकल्याशिवाय ती घेणार कशी? आणि रविवार उजाडला की मालिकेचे भाविक हजर. बायका पायरीपाशी डोळे पुसत. एकानं जीभ बाहेर काढून पायरीवर आडवं पडून फोटो काढून घेतला. एका आजीबाईंनी काकूंना आपादमस्तक न्याहाळून विचारलं, “ढकललं ती तूच का गं?”

“अजून तरी कुणाला नाही,” काकू म्हणाल्या.

अशात एका संध्याकाळी टीव्हीवर जाहिरात लागली. त्याच घरात! त्याच जिन्यावर! धाकटीची जुळी बहीण येतेय सूड घ्यायला! थेट प्रक्षेपण! खाली तारीख. त्या धंद्याची रीतच अशी, की आधी दवंडी पिटायची आणि मागाहून परवानगी मागायची.

“अहो,” काकू म्हणाल्या, “आपल्याकडे पाहुणे येणारेत म्हणे.”

मापकाका हसले. काकूंनी ते हसू ओळखलं. धाड घालायला दुकानात शिरण्यापूर्वी ते असंच हसत.

पुढचे आठ दिवस त्यांनी चौकशा केल्या, आणि नवव्या दिवशी दिग्दर्शक बिस्किटांचा डबा घेऊन दारात उभा राहिला.

“काका, पंधराच दिवस द्या. जाताना घर होतं तसं करून देतो.”

“भाड्यानं द्यायचं नाही. विकायचंय. तुम्हालाच.”

दिग्दर्शक मोकळेपणी हसला. “मग जिना आम्ही स्टुडिओत बांधू की!”

“बांधा. रविवारी सत्तर-ऐंशी बायका येतात. त्यांना मी सांगेन, जिना नकली आहे. तुम्ही तर छातीठोकपणे सांगितलंय, त्याच घरात.”

दिग्दर्शक फोन घेऊन अंगणात गेला. वाहिनीवाल्यांनी पलीकडून त्याची हजेरी घेतली असावी, कारण आत येताना त्याचे कान लाल झाले होते. तो म्हणाला, “घेतो.” राहतं घर विकल्याशिवाय त्याला हे घेता येणार नाही, म्हणजे राहायलाही इथंच यावं लागेल, हे काकांनी चौकशीत आधीच हुडकून ठेवलं होतं.

दोन दिवसांनी तो पुन्हा आला. या वेळी डबा नव्हता.

“काका, एक अडचण आहे. आमच्या घरातून विरोध होतोय.”

“का बरं? उजेड आहे, वारा आहे.”

“तसं नाही. बायको म्हणते, सगळं छान आहे, पण त्या जिन्यावर...”

“काय झालं त्या जिन्यावर?”

दिग्दर्शकानं घड्याळात पाहिलं.

“नाही, सांगा ना. मी नुसता गादी धरून होतो. लिहिलंत तुम्ही.”

“खरं काही झालेलं नाही हो. पण लोकांच्या मनात बसलंय.”

“लोक राहू द्या. तुमच्या मनात?”

“छे छे!” असं म्हणून दिग्दर्शक जिना चढू लागला. आठवीपर्यंत बरा गेला. मग पाय उचलला तो थेट दहावीवर ठेवला.

तीन वर्षांत जी सहा गिऱ्हाइकं परत गेली, त्यांची तोंडं काकांना एकदम आठवली. आता दया दाखवायची वेळ आहे, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. ती त्यांनी जाऊ दिली.

“सोमवारी नोंदणी कार्यालय अकराला उघडतं,” ते म्हणाले. “आणि दारावर पाटी लावा. नावाखाली ‘लेखक-दिग्दर्शक’ असं ठळक येऊ द्या. एवढा मोठा माणूस, कळायला नको?”

या एका अटीवर मात्र दिग्दर्शक मनापासून खूश झाला.

जुळ्या बहिणीचा सूड पार पडला, काकू तळमजल्यावर सपाट जमिनीवरून ऐटीत चालू लागल्या. त्यानंतरच्या रविवारी मापकाका बस पकडून जुन्या गल्लीत गेले आणि समोरच्या बाकावर बसले. फाटकाशी बायका पाटी वाचत होत्या. कुणीतरी बेल वाजवली.

“तुम्हीच लिहिली का हो ती मालिका?” छत्रीवाल्या बाईंनी विचारलं.

“हो, मीच!” दिग्दर्शकाची मान ताठ झाली.

“मग तिला मारलंत कशाला?”

“अहो, तिला दुसरीकडे काम मिळालं होतं.”

“म्हणून जीव घ्यायचा?”

मागून आणखी दहाजणी सरसावल्या. उघड्या दारातून बैठकीत मांडलेला पलंग दिसत होता. वरच्या खोलीत झोपायला कुणी जात नसावं. दिग्दर्शकाला समोर मापकाका दिसले. बुडत्यानं हात मारावा तसा तो गर्दीतून वाट काढत आला.

“काका, तुम्ही कसं घालवत होता यांना?”

उपाय अगदी साधा होता. नळाचं पाणी गेलंय आणि संडास बंद आहे, एवढं सांगितलं की पाच मिनिटांत अंगण मोकळं होई. काकांना तो सापडायला दोन वर्षं लागली होती.

“घालवायचं कशाला?” ते म्हणाले. “आत घ्या. चहा पाजा. लांबून येतात बिचाऱ्या.”

आणि छत्रीवाल्या बाईंना बसायला त्यांनी बाकावर जागा करून दिली.