ओदेतची जागा

"पुन्हा. फक्त मागच्या रांगेतल्या त्या दोघी," गायकवृंदाची तालीम थांबवून कोर्बेल साहेब म्हणाले, आणि ओदेत आणि मी उभ्या राहिलो.

मी नेहमीप्रमाणे जरा जोरानेच गायले.

"मादाम जिनेत, आता तुम्ही गप्प राहा."

मग ओदेत एकटी गायली. वरच्या सुराला आवाज फाटला. तिचा आवाज गेलाय हे आम्हा बायकांना कधीचंच ठाऊक होतं. मी शेजारी उभी राहून तो झाकत होते, एवढंच. नवे संचालक वाईट नव्हते, पण कानाचे फार तिखट.

ओदेतने उभा जन्म इस्पितळाच्या चादरींना इस्त्री करण्यात घालवला. नवरा गेला, मुलगा दूर लियाँला. मंगळवारची तालीम सोडली तर तिच्या आठवड्याला वारच उरले नव्हते. आणि यंदा तर संत जोनची संगीतिका, तीही आमच्या रूआँत, जिथे काही शतकांपूर्वी खटला चालवून जोनला जिवंत जाळलं तिथेच.

"गाणं नाही जमायचं, मादाम," साहेब हळूच म्हणाले. "पण खटल्याच्या प्रसंगात गर्दी लागते. नुसतं ओरडायचं. 'चेटकीण! जाळा तिला!' तेवढं कराल?"

ओदेतने गाण्याची वही मिटली. दर मे महिन्यात पुलावरून सेन नदीत फुलं सोडणारी ही बाई. जोनची राख तिथेच टाकली. दुसरी समाधी कुठली असणार?

घरी जाताना मी म्हटलं, "सरळ नाही म्हण. तुझ्या तोंडी असलं शोभतं का?"

"नाही म्हणून काय करू? घरी बसून भिंतींना गाणं शिकवू?"

"अगं, पण जोनला जाळा म्हणायचं?"

"कुणीतरी म्हणालंच होतं ना गं तेव्हा. इथल्याच बायका असतील. बाजारातून घरी जाताना थांबलेल्या."

बातमी गावभर झाली. खाटिक गास्ताँला तर आयताच विषय मिळाला.

"काय ओदेतबाई, लाकडं पाठवू का?"

"पाठव. तुझ्या मटणासारखी चिवट मात्र नकोत."

दुकानात ती हसली. जिना चढताना मात्र पिशवी माझ्या हाती देऊन मधल्याच पायरीवर बसली. "मला तुमच्यात उभं राहायचं होतं गं," म्हणाली. मीही तिच्या शेजारी बसले.

शेवटच्या तालमीला ती डाव्या खांबापाशी, ओरडणाऱ्यांत उभी होती. "मागच्या रांगेत फट दिसतेय, सरका," साहेबांनी बजावलं. आम्ही सरकलो.

प्रयोगाला चर्च भरून गेलं होतं. खटला आला, गर्दी ओरडली, आणि सगळ्यांच्या मागून ओदेतचा आवाज आला. तोच फाटका, ज्याच्यामुळे तिला रांगेतून काढलं होतं. "जाळा तिला!" पुढच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्याने मान खाली घातली. जोनचं काम करणारी पोरगी पॅरिसची, तालमीत कधी कुणाकडे न बघणारी. तिने वळून ओदेतकडे पाहिलं. ओदेतने नजर वळवली नाही.

मग आग झाली, घंटा झाल्या, आणि जोनला स्वर्गात घेणारं शेवटचं समूहगान आलं. ओरडणाऱ्यांनी त्यात गप्प उभं राहायचं होतं.

आमची सुरुवात जवळ आली तसं मी खांबाकडे पाहिलं. ओदेतचे खांदे वर उचलले गेले. सवयीने तिने श्वास घेतला होता, अगदी आमच्याबरोबर, नेमका वेळेवर. तिने ओठ मिटले आणि तो श्वास हळूहळू सोडून दिला.

आम्ही गाऊ लागलो. माझ्या शेजारी एका माणसाची जागा रिकामी होती. तसं कुणी ठरवलं नव्हतं. मंचावर चढतानाच रांग आपोआप तशी उभी राहिली होती. साहेबांचा डावा हात सारखा खुणावत होता, सरका, सरका. त्या हाताकडे आमच्यापैकी कुणीच पाहिलं नाही.

मी नेहमीप्रमाणे जरा जोरानेच गात होते.