कपाटाच्या दाराआडचा कागद

घड्याळजींच्या थोरल्या लेकीचं जेवण वेगळ्या पातेल्यात शिजायचं. बटाटा दोनदा उकळून पाणी फेकायचं, मीठ चिमटीभर, केळी-संत्री घरात आणायचीच नाहीत. तिची मूत्रपिंडं अधू होती. डॉक्टरांनी लिहून दिलेला पथ्याचा कागद आईनं कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. तेवढं सांभाळलं की पोरगी छान असायची. "माझ्या अळणी ताटात डोकावू नकोस, कंटाळून झोप लागेल," असं धाकट्या बहिणीला चिडवायची.

मग स्थळ आलं. फळांचं दुकान, एकुलता मुलगा, माणसं सोन्यासारखी. आईनं पहिलं काम काय केलं असेल? तो कागद काढला, घडी घातली आणि ट्रंकेच्या तळाशी दडवला.

"आई, सांगूया ना त्यांना."

"वेड लागलंय का? दुखणाईत मुलगी कोण पत्करेल? उद्या धाकटीलाही कुणी विचारणार नाही. गोळ्या गुपचूप घे, पथ्य जमेल तसं सांभाळ."

घड्याळजी मान खाली घालून काम करत राहिले. लोकांच्या घड्याळातला धुळीचा कण दिसायचा त्यांना, पण पोरीचा चेहरा दिसला नाही.

सासू खरंच मायाळू निघाली. सून फिकट दिसते म्हणून तिचा जीव तुटायचा. रोज सकाळी संत्र्याच्या रसाचा मोठा पेला, वर दोन केळी. "पी गं बाळा, आपल्याकडे काय तोटा आहे?" सुरुवातीला सुनेनं रस मोरीत ओतला. एकदा सासूनं ते पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. त्या दिवसापासून पोरगी मुकाट्यानं पिऊ लागली.

"आई, पाय जड पडतात गं. सांगू का आता?" तिनं फोनवर विचारलं.

"दोन महिने कळ काढ. धाकटीचं जमू दे."

त्या फोननंतर तिसऱ्या आठवड्यात दुकानात संत्री रचता रचता ती कोसळली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

अधू मूत्रपिंडांमुळे फळांतलं पोटॅशियम अंगात साचलं आणि हृदय बंद पडलं, हे डॉक्टरांचं बोलणं ऐकून सासू भिंतीला टेकली. धावत आलेल्या आईशी ती भांडली नाही, शिव्याशाप दिले नाहीत. "विहीणबाई, एक शब्द बोलायचा होता हो. मी दोन पातेली चढवली असती. या हातांनी पाजलं मी तिला."

वर्षानं धाकटीला पाहायला पाहुणे आले.

"थोरली कशानं गेली?"

"तापानं," आई म्हणाली.

धाकटी उठली. ट्रंकेतला कागद आणून तिनं पाहुण्यांपुढे ठेवला. "ताप नव्हता. ताईचं हे पथ्य आम्ही तिच्या सासरी लपवलं, म्हणून ती गेली. मी लपवून लग्न करणार नाही."

पाहुणे चहा अर्धा टाकून निघून गेले.

"घालवलंस गं हातचं स्थळ!" आई ओरडली.

घड्याळजी पहिल्यांदाच खुर्चीवरून उठले. "हे मी तेव्हाच बोलायला हवं होतं, पोरी," म्हणाले आणि ढसाढसा रडले.

धाकटीनं कागद उलगडून आईपुढे धरला. आईनं तो हातात घेतला नाही. तिला तो तोंडपाठ होता. भिंतीकडे बघत ती पुटपुटत राहिली, "संत्री नको, केळी नको, बटाटा दोनदा उकळायचा..."