शिंगं होती तेव्हाची गोष्ट

मित्रांनो, माझी गोष्ट सलग नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी एक जुना मुखवटा आहे. मला डोळे नाहीत. डोळ्यांच्या जागी दोन भोकं आहेत. कोणी मला तोंडावर चढवलं की मला दिसतं, उतरवलं की अंधार. ऐकू मात्र कायम येतं. त्यामुळे माझं आयुष्य तुकड्यातुकड्यांचं आहे. मधल्या जागा तुम्ही बर्फाने भरा. आमच्याकडे तो भरपूर आहे.

पहिला तुकडा. भूर्जाच्या ओल्या सालीचा वास. कुस्ताच्या बापाने ती साल उन्हाळ्यात सोलली, वाफेवर मऊ केली आणि आपल्या तरण्या मुलाच्या तोंडावर दाबून मला आकार दिला. डोक्यावर खऱ्या बोकडाची शिंगं बसवली, हनुवटीला मेंढीची लोकर चिकटवली. कुस्ताने मला घालून पाण्याच्या बादलीत डोकावून पाहिलं आणि तो स्वतःच दचकला. मला फार आनंद झाला. घाबरवणं हेच तर माझं काम होतं.

अंधार.

मग नूतीचा दिवस. नाताळ त्या दिवशी संपतो. जानेवारी अर्धा होत आलेला असतो, दुपारीच काळोख पडतो. शेतावरचे गडी आपले मेंढीच्या कातड्याचे कोट उलटे करून, लोकर बाहेर काढून घालतात, मुखवटे चढवतात आणि बोकडांची टोळी घरोघर हिंडते. बोकडाला आम्ही पुक्की म्हणतो. पुक्कीला एकच वाक्य येतं. तो उंबऱ्यावर काठी आपटतो आणि घोगऱ्या आवाजात विचारतो, "इथे पिंपात काही उरलंय का?"

घरी जवापासून गाळलेली बीअर उरली असेल तर पिऊन, नाचून टोळी पुढे जाते. उरली नसेल तर पिंपाची लाकडी तोटी उपटायची, शिंगाला बांधायची आणि गावभर मिरवायची. त्या घराला मग वर्षभर नावं ठेवली जातात.

असे पुष्कळ तुकडे माझ्यापाशी आहेत. फेस, हसणं, टेबलाखाली लपलेली पोरं. सगळे सारखेच, म्हणून सोडून देतो.

एक मात्र वेगळा आहे.

त्या वर्षी वसंतात लोविसाचा नवरा नदीतून ओंडके वाहून नेताना बुडाला. ऑगस्टमध्येच हिम पडलं आणि तिचा जव शेतातच काळा झाला. ते काळं पीक कापायला कुस्ता गेला होता. तिच्या पिंपात काही नसणार, हे त्याला तेव्हापासून ठाऊक होतं. नूतीच्या आदल्या दिवशी मी गड्यांच्या खोलीत खुंटीला टांगलेला होतो, तेव्हा तो टोळीच्या म्होरक्याला, विह्तोरीला, म्हणाला की यंदा लोविसाचं घर सोडून देऊ या.

विह्तोरी वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "बोकड ज्या दारावरून तसेच पुढे जातात, ते घर मेलेलं. तिचा नवरा गेला, आता घर पण मारतोस काय?"

 नाताळात मिळालेल्या आपल्या वाट्याच्या बीअरला कुस्ताने हात लावला नव्हता. त्यावरून बाकीचे गडी त्याला पाद्रीबुवा म्हणून चिडवत होते.

दुसऱ्या दिवशी त्याने मला सगळ्यांच्या आधी चढवलं. कोटाखाली त्या न प्यायलेल्या बीअरचा छोटा बुधला. बर्फ इतका मऊ होता की चालण्याचा आवाजच नव्हता. आम्ही चालत नसून कोणाच्या तरी झोपेतून सरकत आहोत, असं मला वाटत होतं. बुधला ठेवायचा आणि परत फिरायचं, एवढंच त्याने ठरवलं असावं. पण दार उघडलं आणि सवयीने काठी उंबऱ्यावर आपटली गेली. सवयीनेच घोगरा आवाज निघाला.

"इथे पिं..."

मी समोर पाहिलं. लोविसा पिंपाला पाठ लावून उभी होती, दोन्ही हात मागे, तोटी मुठीत धरून. टेबलाखाली तिची मुलगी हिल्या होती. कुस्ता अडकला. मागणाऱ्या बोकडाचं वाक्य आहे. देणाऱ्या बोकडाचं वाक्य कोणी केलेलंच नव्हतं.

"इथे..." तो पुन्हा म्हणाला. "इथे... गुणी मुलं आहेत का?"

चुलीत लाकूड तडतडलं. मग टेबलाखालून आवाज आला, "एक आहे. पण रोज नसते."

माझ्या आत ऊन ऊन श्वास भरला. कुस्ता हसत होता. त्याने बुधला जमिनीवर ठेवला आणि आम्ही निघालो. जाताना मी मागे पाहिलं. लोविसा पिंपाचं झाकण काढत होती.

थोड्या वेळाने टोळीबरोबर आम्ही पुन्हा त्याच दारात. विह्तोरीने तोटी फिरवली. फेस आला.

"वहिनी, जव तर करपला होता," तो म्हणाला. "बर्फाची गाळलीत की काय?"

"पुक्कीने आणली," हिल्या म्हणाली.

टोळी खदखदून हसली. "खुळे, पुक्की आणत नाही. पुक्की पितो."

"प्या मग मुकाट्याने," लोविसा म्हणाली, "आणि बुटांचा बर्फ दाराबाहेर झटका."

तोटी जागेवर राहिली.

मोठी माणसं विसरली, पण पोरांत ती गोष्ट पसरली. पुढच्या नाताळात कोणाची तरी आई कुस्ताला हळूच म्हणाली की मोजे विणलेत, पण पोराला पुक्कीच्या हातूनच हवेत. मग दुसरी आली. हे आमच्याच गावात पहिल्यांदा घडलं, असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या गावांत दुसरे कुस्ता असतील.

शेवटचा तुकडा नुसता ऐकलेला आहे. हिल्या मोठी झाली, तिला मुलगी झाली, आणि ती मुलगी माझी शिंगं पाहून किंचाळली. म्हाताऱ्या कुस्ताने मला मांडीवर घेतलं आणि करवत चालवली. भुसा पडत होता. दुखलं का, मला आठवत नाही. हलकं वाटलं.

कापता कापता त्याने हिल्याला विचारलं, "त्या वर्षी कोण आलं होतं, तुला कधी कळलं?"

"आईला दारातच कळलं होतं. तिने मला त्याच रात्री सांगितलं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो, तर पुढच्या वर्षी आला असतात का, कुस्ताकाका?"

करवत थांबली. मग दुसऱ्या शिंगावर सुरू झाली.

आता नाताळात येणारा म्हातारा लाल कोट घालतो, पांढरी दाढी लावतो. शिंगं नाहीत, तरी आमच्याकडे त्याला योलुपुक्कीच म्हणतात, नाताळचा बोकड. आणि दारात तो अजून तेच विचारतो, इथे गुणी मुलं आहेत का?

मित्रांनो, मला तेल लावून जपा, असं मी म्हणणार नाही. पण कधी तुमच्या दारात कोणी दाढी लावून आला आणि दाढीमागचा माणूस तुम्हाला ओळखू आला, तर नाव घेऊ नका. तो विचारेल त्याचं खरं उत्तर द्या, आणि त्याला जाऊ द्या.