दिवा वाढवा

मित्रांनो, मी एक जुनी पडवी आहे. पडवी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे घर येईल, पण माझ्यामागे घर कधीच नव्हतं. एक गाडी होती. गाडीच्या टपाला आडवी नळी, नळीवर गुंडाळलेलं जाड कापड, ते ओढून दोन पाय उभे केले की गाडीच्या कडेला सावली तयार. ते कापड म्हणजे मी. शहरातले हौशी लोक मला ऑनिंग म्हणत. पडवी हे नाव मला हरिबाने दिलं. हरिबा आता नाही. लोक तसं म्हणतात आणि मीही म्हणते, पण ते म्हणताना माझ्या काठाला काय होतं ते मला आज सांगायचं आहे.

माझा जन्म सोलापूरचा. सोमेशच्या वडिलांचे यंत्रमाग होते. घरात तेलुगू, दारात मराठी, असं ते कुटुंब. वडिलांनी जन्मभर चादरी विणल्या आणि माग विकायच्या आधी शेवटचा ताणा लावला तो माझा. सोमेशने शाळेची एक जुनी गाडी विकत घेतली होती. आत दोन बाकं, छोटी शेगडी आणि एक मोठी बॅटरी बसवून तो पाहुण्यांना पाणपक्षी दाखवायला उजनीच्या काठावर नेणार होता. शेजारपाजारचे हसले. वडील मात्र हसले नाहीत. त्यांनी मला दुहेरी सुतात विणलं, पाऊस झिरपू नये म्हणून मेणाचा हात दिला, आणि स्वतःच्या हाताने कडा शिवल्या. मला माझ्या त्या कडांचा फार अभिमान होता, हे तुम्हाला पुढे कळेलच.

काठावर पहिल्यांदा मला उलगडलं तेव्हा जवळच्या वस्तीवरची म्हाळसाबाई नारळ घेऊन आली. हरिबाची ती बायको. तिने गाडीच्या चाकावर नारळ आपटला आणि म्हणाली, "वाढवला बरं का नारळ."

"मामी, फोडला की तुम्ही," सोमेश तिला चिडवत म्हणाला.

"शुभ कामात फोडला म्हनू न्हाय रं. वाढवला म्हनायचं."

सोमेशला ते ठाऊक होतं. त्याने फक्त चेष्टा केली होती, आणि खोबरं खाऊन तो विषय तिथेच संपला.

हरिबा शेळ्या राखायचा. पाण्याच्या पल्याड एक उंचवटा आहे, तिथे गवत चांगलं येतं. दुपारी तो होडी घेऊन जायचा आणि दिवेलागणीला भारा घेऊन परतायचा. मग आमच्याकडे चहाला यायचा. अंगाने उंच, त्यामुळे माझ्याखाली शिरताना त्याला वाकावं लागे, आणि वाकताना तो माझा पुढचा काठ हाताने धरून वर उचलायचा. नेहमी त्याच जागी, उजव्या पायाच्या जरा अलीकडे. हात ओला, शेवाळाच्या वासाचा. मला संताप यायचा. एवढ्या निगुतीने शिवलेली माझी कड, आणि हा बाबा तिला दावणीचा दोर धरावा तसा धरतो.

"लई झकास पडवी हाय की तुमची," म्हणत तो खाली बसायचा, आणि मग माझा राग थोडा निवळायचा.

एकदा चहा पिताना त्याने सोमेशला पाणी दाखवलं. "हितं खाली आमचं गाव हाय. धरण झालं तवा बुडालं. मी ल्हान हुतो. उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतंय. आदी देवळाचं शिखर, मग येशीची भिंत. भिंत उघडी दिसली की काय भ्या न्हाय. इतभर पाण्याखाली असती तवाच भ्या."

"मग अंधारात कसं येता मामा?"

"ती कंदील लावती न्हवं खुंटाला. कंदील नाकासमोर धरायचा. भिंत डाव्या अंगाला राहती."

खरंच, रोज तिन्हीसांजेला म्हाळसाबाई काठावरच्या बाभळीच्या खुंटावर कंदील टांगायची. होडी लागेपर्यंत तिथून हलायची नाही. त्या काठावर तेवढा एकच दिवा असायचा. आम्ही त्याच काठावर जरा अंतरावर, भिंतीच्या अंगाला होतो. सोमेशजवळ एक छोटी विजेरी होती, ती गाडीच्या आतच लागे.

पण पाहुण्यांना अंधार सोसेना. ताटात काय पडलंय ते दिसत नाही म्हणून कुरकुर झाली. मग सोमेशने बाजारातून दिव्यांची पट्टी आणली. बोटभर रुंद, लांबलचक, पोटात मोहरीएवढे दिवे. ती माझ्या पुढच्या काठाखाली बसवायची होती. पहिल्यांदा त्याने ती तिच्याच डिंकावर चिकटवली. सोलापूरच्या उन्हात डिंक वितळला आणि दुपारीच ती लोंबू लागली. मी मनातल्या मनात खूश झाले. नवी सून पहिल्याच दिवशी पडली तर सासूला जसं होतं तसं ते होतं. मग त्याने माझ्या कडेला कापडी फासे शिवले, पट्टीला पाणी न शिरणारी रबरी नळी घातली, ती फाशांतून ओवली आणि वायर माझ्या पायाच्या आतून बॅटरीला नेली. हातात एक रिमोट. एक बटण दाबलं की उजेड मोठा, दुसरं दाबलं की बारीक.

शिमगा होऊन गेला होता. पाणी उतरायला लागलं होतं. देवळाचं शिखर वर आलं होतं, भिंत अजून दिसत नव्हती.

त्या संध्याकाळी पाहुणे नव्हते. सोमेशने पट्टी पहिल्यांदाच काठावर लावून पाहिली. बारीक, पिवळसर उजेड पाण्यावर पडला आणि मला, खरं सांगते, बरं वाटलं. आपली सून दिसायला चांगली आहे असं मला वाटलं. इतक्यात म्हाळसाबाई लगबगीने आली. गुडघे दुखत होते तरी जवळजवळ पळतच.

"सोमेश, तेवढा दिवा वाढवा की. आमचं मानूस पान्यात हाय."

"व्हय मामी, लगेच," तो म्हणाला. ती तशीच वळली आणि कंदिलाकडे निघाली. त्याने बटण दाबलं. उजेड मोठा झाला.

वारा सुटला होता. थोड्या वेळाने खुंटापासून तिची हाक आली. "वाढवा की वो!"

बिचारीला अजून दिसत नसेल, असं म्हणत त्याने आणखी दाबलं. पिवळा उजेड पांढरा झाला.

"आवं वाढवा! वाढवा!"

ती पुन्हा आमच्याकडे धावत येत होती आणि धावता धावता हाक मारत होती. सोमेश बटण दाबतच राहिला. शेवटी त्याने माझा पुढचा काठ जरा वर उचलून धरला, उजेड थेट पाण्यावर पडावा म्हणून. त्याच्या मनात मदतीशिवाय काही नव्हतं. मी त्याच्या हातात होते, मला त्याचा हात कळत होता. पाण्यावर लांब पांढरा रस्ता पडला आणि खुंटावरचा कंदील त्यापुढे दिसेनासा झाला. मग पाण्यातून लाकूड दगडावर आपटल्याचा आवाज आला. एकदाच.

वस्तीवरची माणसं होड्या घेऊन गेली. ट्रॅक्टर काठाला लावून त्यांचे दिवे पाण्यावर सोडले. होडी सापडली, भिंतीवर अडकलेली, बूड फुटलेली. गवताचा भारा तरंगत होता. हरिबा सापडला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्यानंतरही नाही. खाली गावच्या गाव आहे, घरं आहेत, विहिरी आहेत. माणूस कुठे शिरला असेल कोण सांगणार.

शोध थांबला तेव्हा म्हाळसाबाई माझ्याखाली येऊन बसली. रडत नव्हती. तिने सोमेशला इतकंच विचारलं, "म्या इतक्यांदा म्हनलं दिवा वाढवा. का न्हाय वाढवला रं?"

"वाढवला की मामी," तो म्हणाला. "होता तेवढा सगळा वाढवला."

हरिबाचा पुतण्या जोतिराम शेजारी उभा होता. त्याने खाली मान घालून सांगितलं, "सोमेशदादा, आमच्यात दिवा इजवा म्हनत न्हाईत. अशुभ असतंय. दिवा वाढवा म्हंजे बंद करा."

सोमेशने माझ्या काठाखालच्या पट्टीकडे पाहिलं. मग म्हणाला, "नारळाचं माहीत होतं. दिव्याचं नव्हतं. आमच्या घरात दिवा विझला की दीपम् कोंडेक्किंदी म्हणतात. दिवा डोंगर चढला." आणि तो तिथेच मातीत बसून रडला. म्हाळसाबाईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मला ते पाहवलं नाही, पण कापडाला डोळे मिटता येत नाहीत.

सोमेशने पाहुणे नेणं सोडून दिलं. गाडी सोलापुरात घराच्या मागे छपराखाली उभी राहिली आणि मी नळीवर गुंडाळलेली. उंदरांनी माझं एक टोक कुरतडलं. उन्हाळा असा की मेणाला भेगा पडल्या. सगळं अंग कोरडं ठक्क झालं. फक्त एक जागा सोडून.

पुढच्या काठावर, उजव्या पायाच्या जरा अलीकडे, मी ओली होते. रोज तिन्हीसांजेला. भर वैशाखात, छपराखाली, गुंडाळलेली असताना. आधी थंड लागायचं, मग शेवाळाचा वास यायचा, आणि मग कोणीतरी वाकताना धरावं तसं मला हलकेच उचललं जायचं. पूर्वी या हाताचा मला संताप यायचा. आता तो येईपर्यंत मला चैन पडत नसे, आणि आला की भीती वाटे.

सोमेशने एकदा मला उलगडलं. ओल पाहिली. छप्पर तपासलं, ते गळत नव्हतं. त्याने पट्टी लावून पाहिली तर सगळी लागली, नेमके त्या जागेचे दिवे काळे. त्याने तेवढा तुकडा कापून नवा जोडला. दुसऱ्या संध्याकाळी तोही काळा पडला. सोमेशने ओल्या जागेवर आपला पंजा ठेवून पाहिला. त्याच्या पंजापेक्षा ती मोठी होती. त्याने घरात कोणाला काही सांगितलं नाही.

मग जोतिराम निरोप घेऊन आला. म्हाळसाबाईने पडवी मागितली होती, दिव्यासकट.

"ती म्हनती, त्यो त्या दिव्याच्या अंगाला निघाला हुता," जोतिराम म्हणाला. "आता कंदील लावून काय उपेग. त्यो हुडकत असंल तर त्योच दिवा हुडकत असंल."

गाडी चालण्यासारखी राहिली नव्हती. त्यांनी मला नळीवरून सोडवलं, काठावर नेलं आणि खुंटाशेजारी चार बाभळीच्या मेढींवर बांधलं. आता भिंत माझ्या वाटेत नव्हती. माझ्या अंगाने येणारी होडी सरळ काठाला लागेल अशी मला फिरवली होती. सोमेशने नवे फासे शिवले, बॅटरी बसवली, वायर ओढली. रोज दिवेलागणीला म्हाळसाबाई माझ्याखाली पोतं टाकून बसायची. बाकीच्या होड्या माझा उजेड बघून सुखरूप लागत. त्यांच्याकडे ती बघायचीही नाही.

भावकीतल्या बायका येऊन तिला समजावत. "वैनी, किती दिस आता? बांगड्या वाढवा."

"दिवा हाय तवर न्हाय," ती म्हणायची.

सोमेश अधूनमधून बॅटरी बघायला यायचा आणि तिच्याशेजारी बसायचा. असाच तो एका संध्याकाळी बसला होता. शिमगा पुन्हा होऊन गेला होता. पाणी हलत नव्हतं, वारा पडला होता. आणि माझा काठ थंड झाला. नेहमीपेक्षा जास्त. हात आला, पण या वेळी नुसता धरून थांबला नाही. मला वर उचललं. चांगलं, माणूस आत शिरेल एवढं. थेंब खाली पडला. तो सोमेशनेही पाहिला आणि तो जागच्या जागी ताठ झाला.

म्हाळसाबाई पोत्यावर जरा सरकली, शेजारी जागा केली.

"सोमेश, दिवा वाढव आता," ती म्हणाली.

रिमोट त्याच्या हातात होता, बोट बटणावर. त्या शब्दाने काय केलं होतं ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

"मामी," त्याने विचारलं, "मोठा करू, का बंद करू?"

तिने पहिल्यांदाच तो अशुभ शब्द उच्चारला. जन्मात कधी तोंडावाटे काढला नसेल असा. अगदी हळू, घरातलं कोणी निजलं असावं तसं.

"इजव. आलं आमचं मानूस."

त्याने दिवा विझवला.

मित्रांनो, त्यानंतर माझ्याखाली दिवा लागलेला नाही. पट्टी आहे, फासे आहेत, बॅटरी सोमेश काढून घेऊन गेला. खुंटावर पुन्हा कंदील असतो, होड्यांसाठी. म्हाळसाबाईच्या हातात बांगड्या आहेत आणि आता तिला कोणी काही म्हणत नाही.

घरातल्या म्हाताऱ्या माणसाने तुम्हाला काही करायला सांगितलं आणि शब्द नीट कळला नाही, तर लाजू नका, जवळ जाऊन विचारा. दोनदा विचारा. तेवढी तसदी घ्या. आणि कधी उजनीच्या काठावर आलात तर माझ्या सावलीत खुशाल बसा. कोणी म्हणेल, कापड जुनं झालं, गुंडाळून ठेवू या. गुंडाळू देऊ नका. माझ्या पुढच्या काठावर, उजव्या मेढीच्या जरा अलीकडे, ओलं लागेल. ते पुसू नका. आत शिरताना तेवढी जागा सोडून दुसरीकडे धरा.