पॅकिंग सोडवणारं पाणी

मिन्या शहरात कालव्याकाठी खलफ मिस्त्रीच्या मोटारसायकल दुरुस्तीच्या दुकानापुढं बघ्यांच्या गर्दीनं पाय ठेवायला जागा नव्हती. बाकावर उघडलेलं इंजिन होतं. त्याच्या दोन भागांमधलं वीस वर्षांचं कागदी पॅकिंग दोन्हीकडच्या कडांना असं चिकटलं होतं, की खलफनं दोन दिवस खरवडूनही ते हललं नव्हतं. जोर लावावा तर ओरखडा उठणार, आणि ओरखडा उठला की तेल गळणार.

मंतरलेलं पाणी देत फिरणाऱ्या शेख मब्रूकनं काचेच्या बाटलीतलं गुलाबाच्या वासाचं पाणी पिसानं एका भागावर फिरवलं आणि तो पुटपुटू लागला. चहाचा पेला संपेतो पॅकिंग फुगलं, सुरकुतलं. लाकडी काडी लावताच ते सालीसारखं निघालं.

"बघा, बाबांनो," मब्रूक म्हणाला, "निर्जीव धातूचा हट्ट सुटतो, तिथं डोळ्यावरच्या पडद्याची काय कथा? ज्याला मोतीबिंदू असेल त्याला उद्या दुपारी इथं आणा. सुरी नको, डॉक्टर नको."

खलफची म्हातारी आई पुढं सरली. तिच्या ऑपरेशनची तारीख लागली होती, पण सुरीच्या भीतीनं तिची झोप उडाली होती. "माझं नाव पहिलं धरा, शेखसाहेब."

खलफनं अडवलं नाही. उलट पावाच्या भट्टीवरच्या सबरियामावशीला, तिलाही मोतीबिंदू होता, तोच म्हणाला, "घ्या तुम्ही पण. माझ्यासमोर झालंय." सबरियाला उद्यापर्यंत दम नव्हता. तिनं पैसे मोजून त्या पाण्याची कुपी भरून घरी नेली.

सकाळी तिची सून दुकानाच्या दारात उभी राहिली. "सासूबाईंना दवाखान्यात नेलंय. डोळा उघडत नाही. रात्रभर ओरडत होत्या."

खलफनं आपलं मनगट वर करून पाहिलं. काल त्यावर त्या पाण्याचा एक थेंब उडाला होता. तिथं आता फोड होता. बाकाशेजारी ठेवलेल्या पेट्रोलच्या टाकीवरही शिंतोडे होते, आणि तिथला लाल रंग त्या पॅकिंगसारखाच सुरकुतला होता. तो टाकीवर वाकला. गुलाबाच्या आड दुसराच एक उग्र वास होता. असा वास त्याला फर्निचरवाल्यांच्या गल्लीत नेहमी यायचा.

तो तडक तिथं गेला. पॉलिशवाल्यानं डबा दाखवला. "जुना रंग उतरवायचं औषध आहे हे. उघड्यावरच वापर, वाफ छातीत जाते. आणि हात लावू नकोस, कातडं जळतं."

दुपारी मब्रूकचं पीस आईच्या डोळ्याशी आलं, तेव्हा खलफनं त्याचं मनगट धरलं.

"आधी तुमच्या डोळ्यात घाला."

"बरकतीची परीक्षा घेतोस?"

"घेतो. डोळा नको तर नुसतं बोट बुडवा. काल पिसानं लावलंत, काडीनं काढलंत. बोट कुठंच लागू दिलं नाहीत."

मब्रूकनं बोट काही पुढं केलं नाही. खलफनं पॉलिशवाल्याकडून आणलेला डबा उघडून इंजिनाच्या राहिलेल्या भागावर ब्रश फिरवला. ना मंत्र, ना पुटपुट. लोक वाकून बघू लागले. थोड्या वेळानं तिथलंही पॅकिंग फुगलं आणि निघालं.

"रंग उतरवायचं औषध आहे हे," खलफ म्हणाला. "ह्याच्यात गुलाबाचं अत्तर घातलं की झालं ह्यांचं पाणी. सबरियामावशीच्या डोळ्यात हेच गेलंय."

मब्रूक बाटली लपवून निसटू लागला. लोकांनी त्याला पोलीस येईतो धरून ठेवलं. आई मात्र खलफवरच चिडली. "एवढी एक आशा होती, तीही घालवलीस."

"ऑपरेशनला मी बरोबर येईन, आई. बाहेर बाकावर बसून राहीन."

संध्याकाळी तो दवाखान्यात गेला. सबरियाचा डोळा वाचेल की नाही, हे डॉक्टरांनाही सांगता येईना. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. खलफनं माफी मागितली. तिनं चादर डोक्यावरून ओढून घेतली.

दुसऱ्या दिवसापासून दुकानात येईल त्याला खलफ एकच सांगू लागला, "कुणी चमत्कार दाखवला तर बाटलीत काय आहे ते आधी विचारा. मी विचारलं नाही. विचारल्यानं अल्लाचा अपमान होत नाही. न विचारल्यानं माणसाचा डोळा जातो."