विसावं माणूस

निरवांगीच्या सावळारामतात्यानं कशाचं म्हणून पुरं भाडं भरलं नव्हतं, असं गावात कौतुकानं बोललं जाई. ते बरंचसं खरंही होतं. तात्या माळवं करायचा. वांगी, गवार, कोथिंबीर, कडेनं पेरूची झाडं. बाजाराच्या दिवशी पाट्या घेऊन बारामतीला गेला की माल संपल्यावर तो थेट स्टेशनात जाऊन बसे. तिथं तिकीटबाबूशी त्याची चांगलीच ओळख झाली होती. कुठल्या सणाला रेल्वे सवलत देते, कुठल्या गावच्या धर्मशाळेत तीन दिवस फुकट राहता येतं, पुण्याच्या जुन्या बाजारात वळकटीचा पट्टा किती वाजता गेलं की पडेल भावात मिळतो, हे सगळं त्याला तोंडपाठ होतं. गावातलं कुणी जेजुरीला निघो की लेकीकडं सोलापूरला, आधी तात्याच्या ओट्यावर येऊन विचारून जाई. तात्या खिशातून कळकट वेळापत्रक काढी, बोट फिरवी आणि दोन रस्ते सांगी. एक लवकरचा आणि एक स्वस्तातला. स्वस्तातला सांगताना त्याचे डोळे चमकत.

एकोणसाठ सालच्या थंडीत दिल्लीला शेतीचं मोठं प्रदर्शन भरणार होतं. देशोदेशीची यंत्रं, बियाणं, फळं येणार होती. तिकीटबाबूनं तात्याला सांगितलं, "वीस शेतकऱ्यांची तुकडी करा. सगळ्यांचं मिळून एकच तिकीट, एका कागदावर. जाऊन येऊन भाडं निम्मं."

तात्या त्या दिवशी गावाकडं आला तो हवेतच. पंधरवड्यात त्यानं माणसं जमवली. बारा निरवांगीची, आठ कन्हेरीची. कन्हेरीचे मोहनराव ऊसवाले होते, सोसायटीत वजन असलेले. ते आणि त्यांची बायको साखरबाई तयार झाल्यावर बाकीचे मागं हटेनात. तात्यानं पुण्याला जाऊन लष्करातनं बाद झालेल्या घोंगड्या घाऊक भावात आणल्या, दोघांत एक. मोहनरावांनी एक घोंगडी उजेडात धरली, तर पलीकडचं झाड दिसलं.

"तात्या, ह्यातनं वारं बी शिरंल अन् मी बी."

"दोगं एकात निजलं की ऊब येती," तात्या म्हणाला. सगळे हसले.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी कन्हेरीहून निरोप आला. गेणबाचा बैल विहिरीत पडला होता, गेणबा येत नव्हता.

एकोणीस माणसं राहिली. तात्यानं चार घरं फिरून बघितली. कुणाची खुरपणी, कुणाच्या घरी बाळंतपण. एक माणूस कमी म्हणजे सगळ्यांना पुरं भाडं. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तात्यानं जमवलेला डाव फसला असं दोन गावांत झालं असतं. दिवस कलताना तो मळ्यात आला. त्याची थोरली बहीण कुशाबाई वांग्याच्या सरीत वाकली होती.

कुशाबाई एकोणिसाव्या वर्षी कपाळ पुसून माहेरी आली होती. तेव्हा सावळाराम सहा वर्षांचा, आई नुकतीच गेलेली. तिनंच त्याला वाढवला, त्याचं लग्न केलं, त्याच्या पोरांना न्हाऊमाखू घातलं. मळा तर तिचाच म्हणायचा. तात्या स्टेशनात बसलेला असायचा तेव्हा पाटाचं पाणी कुशाबाई धरायची. बारामतीच्या पुढं तिनं कधी पाऊल टाकलं नव्हतं.

"आक्का, तू चल दिल्लीला."

ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मी? मला काय करायचंय तितं?"

"फुलवरचा गड्डा घमेल्याएवढा असतुया म्हणं. बघशील तरी."

"आरं, माजी छाती भरलीया दिवाळीपास्नं. रातीचं झोपू देत न्हाय."

"गाडीत बसायचं तर हाय नुसतं. चालायचं थोडंच हाय?"  मग तो खाली बघत म्हणाला, "एक माणूस कमी पडतंय, आक्का."

कुशाबाईनं त्याच्याकडं बघितलं आणि तिला हसू फुटलं. लहानपणी त्याची चेंडूफळी मोडली की तो असाच येऊन उभा राहायचा. "असं सांग की मग. येते. पर लुगडं एकच धडाचं हाय बघ."

सावळारामची बायको सिंधुबाई चुलीपुढून म्हणाली, "आक्का खोकत्यात किती. ह्या थंडीत नगा न्हेऊ." तात्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

बारामतीची छोटी गाडी, मग दौंड, मग मनमाड, मग दिल्लीचा लांबचा पल्ला. कुशाबाई खिडकीशी बसून होती. नदी दिसली की नाव विचारी, शेत दिसलं की काय पेरलंय ते सांगे. खोकल्याची उबळ आली की पदर तोंडात धरी, बाहेर बघतच राही.

दिल्लीत प्रदर्शनवाल्यांनी शेतकऱ्यांसाठी तंबू ठोकले होते. आत पेंढा, रजई, सकाळी कढत पाणी. माणशी रोजाचा आकार होता, फार नव्हता. पण तात्या सगळ्यांना स्टेशनजवळ सोडून तासाभरात आला तो धर्मशाळा शोधूनच. फुकट. खोल्या भरल्या होत्या, पण व्हरांडा मोकळा होता.

"तंबूचं काय देणं न्हाय," तात्या म्हणाला, "आन् नळ दाराशी." लोकांनी त्याची पाठ थोपटली.

व्हरांडा तीन बाजूंनी उघडा होता. खालची फरशी अशी की पाय टेकवला तर कळ डोक्यात जाई. कुशाबाई आणि साखरबाई एका घोंगडीत. पहाटे साखरबाई उठली तर कुशाबाई भिंतीला टेकून बसलेली, गुडघे पोटाशी. "झोपल्यावर श्वास लागतुया," एवढंच म्हणाली.

तरी पहिल्या दिवशी ती सगळ्यांबरोबर प्रदर्शनात हिंडली. मोहनराव ट्रॅक्टरपुढून हलेनात. तिनं मात्र भाजीचा मांडव गाठला. परदेशातला फुलवर काचेच्या पेटीत नव्हता, उघड्यावर होता. तिनं इकडंतिकडं बघून पानाची कड चिमटीत दाबली.

"पाणी जास्ती दिलंय," ती भावाच्या कानात म्हणाली. "चव नसंल ह्याला." आणि लहान पोरीसारखी तोंडावर हात धरून हसली. त्या हसण्यातूनच उबळ आली. ती थांबता थांबेना.

तिसऱ्या दिवशी तिचं अंग तव्यासारखं तापलं. साखरबाईनं हट्ट धरला म्हणून तात्यानं गल्लीतला डॉक्टर आणला. डॉक्टरनं छातीला नळी लावली, पाठीला लावली आणि हिंदीत सांगितलं की दोन्ही फुप्फुसं धरली आहेत, आजच्या आज इस्पितळात घाला, आठदहा दिवस तरी लागतील.

परतीची गाडी दुसऱ्या दिवशी होती. कागदावर तारीख होती.

मोहनराव तात्याला बाजूला घेऊन म्हणाले, "तू ऱ्हा हितं आक्कापाशी. कागद मला दे. मी न्हेतो समद्यांस्नी."

"अठराच व्हत्यात मग," तात्या म्हणाला. "वीसचा कागद अन् अठरा माणसं. चेकरनं धरलं तर समद्यांकडनं पुरं भाडं वसूल करंल. दंड येगळा. लोकांपाशी आता काय उरलंय?"

"असं हाय व्हय?"

"असंच असतंय."

हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं कुणाला विचारलंही नव्हतं. पण इतकी वर्षं लोकांना रस्ता सांगून सांगून त्याच्या तोंडून निघालेलं त्याला स्वतःलाच खरं वाटे. मोहनराव वळकटी बांधायला वळले.

तो कुशाबाईपाशी जाऊन बसला. तिनं सगळं ऐकलं होतं.

"माज्यापायी लोकांस्नी भुर्दंड नगं, सावळा," ती म्हणाली. एकेका शब्दाला दम लागत होता. "हितलं इस्पितळ मला नगं. कुणाची भाषा कळत न्हाय. घरला न्हेतोस न्हवं?"

"नेतो, आक्का."

तिनंच सांगितलं, तिलाच यायचं होतं, हे त्यानं मनात घट्ट धरून ठेवलं. पुढं कितीतरी दिवस तेवढं एकच त्याच्या हातात होतं.

गाडीत खचाखच गर्दी. माणसांनी दाटीवाटी करून तिला बाकावर आडवं केलं. होत्या त्या दहाही घोंगड्या तिच्या अंगावर पडल्या. साखरबाई चमच्यानं पाणी पाजत होती. दुसऱ्या दिवशी ते ओठांच्या कडेनं बाहेर यायला लागलं. मनमाडला गाडी बदलताना चौघांनी तिला उचललं. तेव्हा तिनं डोळे उघडून विचारलं, "बारामती आली?" कुणीतरी "आलीच" म्हटलं.

मनमाड सोडून तासदीड तास झाला असेल. ऊन खिडकीतून थेट बाकावर येत होतं. साखरबाईनं तिचा हात हातात घेतला आणि तसाच धरून राहिली. मग हलक्या आवाजात म्हणाली, "तात्या."

तात्यानं बघितलं. आक्काचं तोंड किंचित उघडं होतं. ऊन डोळ्यांवर पडलं होतं आणि पापणी हलत नव्हती.

कुणी रडलं नाही. रडायला लागलं तर डब्यातल्या इतरांना कळलं असतं. पुढच्या स्टेशनात मयत उतरवून घेतलं असतं, पोलीस, पंचनामा, अनोळखी गावात अग्नी. मोहनराव दातांतल्या दातांत म्हणाले, "घरीच न्यायची. कुणी हूं का चूं करू नका." तिला उठवून बसतं केलं. डोक्यावरून पदर पुढं ओढला, एका अंगाला साखरबाई, दुसऱ्या अंगाला तात्या. तिचं डोकं त्याच्या खांद्यावर आलं. ते जड नव्हतं.

चेकर आला. तरुण होता, बोलायला नीट होता. तात्यानं कागद पुढं केला. चेकरनं पेन्सिलीचं टोक एकेका डोक्याकडं दाखवत मोजायला सुरुवात केली.  सोळा, सतरा. पेन्सिल साखरबाईवर आली, मग कुशाबाईवर आली आणि तिथंच थांबली.

"आजी आजारी आहेत का?"

तुकडीतली सगळी माणसं तात्याकडं बघत होती.

"न्हाय सायेब," तात्या म्हणाला. "जागरण झालंय. झोप लागलीया."

"आणि तुम्ही विसावे. बरोबर आहे." चेकरनं कागदावर सही केली, परत दिला. "थंडी फार आहे, आजींना जपा," असं म्हणून तो पुढच्या डब्यात गेला.

दौंडला छोट्या गाडीत तिला चढवताना बघणाऱ्यांना आजारी म्हणूनच सांगितलं. बारामतीला उतरल्यावर मोहनरावांनी उसाची ट्रक गाठली. चिपाडांवर तिला निजवलं. निरवांगीत ट्रक शिरली तेव्हा सिंधुबाई दारात आली. तिनं सगळ्यांना मोजल्यासारखं बघितलं आणि ट्रकच्या फळीला हात लावून खाली बसली.

नीरेच्या काठी अग्नी दिला. दहावं झालं, तेरावं झालं. गावानं तात्याला बोल लावला नाही. उलट म्हणत, बाईनं दिल्ली बघितली, भावाच्या खांद्यावर गेली, नशीबवान. कन्हेरीला तर प्रवास किती स्वस्तात झाला ह्याच्या गोष्टी अजून चालल्या होत्या. तात्या ऐकून घेई. जेवायला बसला की दोन घासांवर उठे.

महिना उलटल्यावर तो बारामतीला स्टेशनात गेला. पाट्या घेऊन नव्हे, नुसताच. तिकीटबाबूच्या खिडकीपाशी उभा राहिला. बाबूनं एकदाच म्हणावं की तात्या, तुम्ही केलंत तेच बरोबर होतं, दुसरा इलाज नव्हता. एवढ्यासाठी तो आला होता.

"बाबूसायेब, एक इचारायचं व्हतं. त्या वीसच्या तिकिटावर परतीला माणसं कमी आली असती तर?"

बाबू काहीतरी लिहीत होता. मान वर न करता म्हणाला, "कमी आली तर काय? निघताना वीस लागतात. परतीला जास्त नसावीत, म्हणजे झालं."

"दंड?"

"दंड कशाचा? भाडं आधीच भरलेलं. आजारी पडून कुणी मागं राहिलं तर डॉक्टरची चिठ्ठी आणायची. त्याला मागाहून त्याच भाड्यात यायला परवानगी मिळते. सोबत थांबलेल्यालाही."

तात्यानं खिडकीचा गज धरला. "हे तुमी मला आदी का न्हाय सांगितलंत?"

बाबूनं आता वर बघितलं. "तुम्ही विचारलंत कुठं, तात्या? तुम्हाला तर सगळं ठाऊक असतं." मग लेखणी खाली ठेवून, "का? कुणी मागं राहिलं होतं का?"

"न्हाय," तात्या म्हणाला. "समदी आली."

घरी येऊन त्यानं सिंधुबाईला सगळं सांगितलं. दुसरं सांगायला कुणी नव्हतं. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. 

"बाकीच्यांस्नी सांगू नगा," ती म्हणाली. "त्यांनी बी समद्यांनी तोंड मिटलं व्हतं. त्यांस्नी जगायचंय."

"आन् मी?"

तिनं ताटात भाकरी वाढली, कोरड्यास वाढलं आणि ताट त्याच्यापुढं सरकवून ती बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मळ्यात गेला. वांगी जून होऊन पिवळी पडली होती, कुणी तोडलीच नव्हती. सरीत तण गुडघ्याला लागत होतं. पाट कुठून फोडायचा, पाणी आधी कुठल्या वाफ्याला द्यायचं, हे त्याला उमगेना. तो बांधावर कुदळ घेऊन उभा राहिला. पाटाला पाणी आलं, बांध फुटून वाटेवर वाहायला लागलं, आणि तो बघत राहिला.